विहीणबाईंचं कुरण

माझ्या विहीणबाईंनी आजवर जितकं गवत उपटलं आहे, तितकं मेळघाटातल्या साऱ्या गव्यांनी मिळून खाल्लं नसेल. हे विधान कोणाला फुगवलेलं वाटेल, पण ज्यांनी त्यांना वावरात बसलेलं पाहिलं आहे ते उलट मलाच म्हणतील की मी हात राखून लिहितो आहे. विहीणबाई म्हणजे माझ्या मुलीच्या सासूबाई. अकोटच्या अलीकडे काळ्या मातीत त्यांचं गाव आहे. माहेरच्या वावरात त्या लहानपणीच निंदायला बसल्या, लग्नापुरत्या उठल्या आणि सासरच्या वावरात परत बसल्या. पन्नासाहून जास्त वर्षं पऱ्हाटीच्या म्हणजे कपाशीच्या आणि तुरीच्या ओळींमधलं गवत काढता काढता त्यांच्या उजव्या हाताला स्वतःची अक्कल आली आहे. डोळे कुठे आहेत, तोंड कोणाशी बोलतं आहे, याच्याशी त्या हाताला देणंघेणं नसतं. एस.टी. स्टँडवर गाडीची वाट बघताना तो फरशीच्या फटीतलं गवत उपटतो. एकदा परतवाड्याला कोणाच्या सांत्वनाला गेल्या, तर रडणाऱ्या बाईच्या पाठीवर डावा हात फिरत होता आणि उजवा ओट्याच्या कडेची हरळी मुळासकट काढत होता. निघताना ती बाई म्हणाली, "बाई येऊन गेल्या तं ओटा कसा मोकळा वाटून राहिला."

सोयरीक जुळली तो दिवस मी विसरणं शक्य नाही. अमरावतीला आमच्या घरी बैठक बसली होती. पुरुषमंडळी रिवाजाप्रमाणे एकमेकांच्या गावांतली ओळखीची माणसं शोधण्यात गुंतली होती. मुलाची आई "जराशी हवेत बसतो" म्हणून अंगणात गेली. माझ्या अंगणात तेव्हा दोन खाटांएवढी हिरवळ होती. निवृत्त ग्रंथपालाची हौस ती केवढी असणार, पण मी तिला रोज संध्याकाळी पाणी घालायचो आणि तिच्यावरून धावणाऱ्या पोरांवर ओरडायचो. अर्ध्या तासानं चहा घेऊन बाहेर गेलो, तर हिरवळीच्या जागी भुसभुशीत काळी माती होती, मधोमध माझा एकुलता एक गुलाब होता आणि कुंपणाशी हरळीचा नीट रचलेला ढीग. "किती माजू देल्लं जी तुमी हे! गुलाब जीव सोडून राहिला होता," विहीणबाई हात झटकत म्हणाल्या. मुलीच्या बापानं अशा वेळी काय म्हणावं हे माझ्या वाचनात कुठे आलेलं नव्हतं. मी त्यांचे आभार मानले. त्यांना माझा स्वभाव पसंत पडला आणि लग्न ठरलं.

त्यांचा दुसरा विशेष असा की त्यांना भाषण ऐकू येत नाही. कान ठणठणीत आहेत, शेजारच्या वावरात कोणी हळू आवाजात त्यांचं नाव घेतलं तरी इकडून उत्तर जातं. पण माणसानं माईक हातात घेतला, की त्या मनानं तिथून उठून जातात. गावात पुढारी येवो, कीटकनाशकवाला येवो, नातवाच्या शाळेचे हेडमास्तर येवोत, त्या पहिल्या रांगेत प्रसन्न चेहऱ्यानं बसतात आणि नंतर विचारलं तर म्हणतात, "कामाचं असतं तं त्यानं जवळ येऊन सांगतलं असतं." अध्यक्षीय समारोपांनी छळलेल्या मला हा गुण पूजनीय वाटायचा. तो अंगलट कसा येतो हे मेळघाटात कळलं.

मेळघाटाचं असं झालं. जावई अकोल्याला नोकरी करतो आणि त्याला जंगलाचं वेड आहे. एका रविवारी तो गावी जेवताना मोबाईलवर वाचत होता, की मेळघाटच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कुरणांमधलं तण काढायला स्वयंसेवक हवे आहेत. विहीणबाईंचा घास हातात राहिला. भर श्रावणात निंदणाला बाया न मिळणं हे वऱ्हाडातलं सर्वांत मोठं दुःख, आणि ते आता सरकारवरही ओढवलेलं पाहून त्यांना फार कळवळा आला. "त्याईलेई बाया भेटून नाई राहिल्या काय?" त्या म्हणाल्या. "मायं नाव लिव. अन् इवाईचंई लिव, ते रिकामेच असतात." इवाई म्हणजे आमच्याकडे व्याही, म्हणजे मी. मुलीच्या सासूला नाही म्हणण्याची सोय आपल्या संस्कृतीनं ठेवलेली नाही. आयत्या वेळी जावयाला रजा मिळाली नाही. त्यामुळे गुडघ्याला पट्टा बांधून मी एकटाच परतवाड्याच्या स्टँडवर उभा राहिलो, तिथे विहीणबाई विळा, गाठोडं आणि सगळ्या स्वयंसेवकांना पुरेल एवढी ज्वारीची भाकर घेऊन उतरल्या, आणि आम्ही जीपनं घाट चढून सेमाडोहला पोचलो.

तिथे तीसेक स्वयंसेवक जमले होते. सगळ्यांना हिरव्या टोप्या आणि हिरवे टी-शर्ट मिळाले. विहीणबाईंनी टी-शर्ट नऊवारीवरून चढवला आणि टोपी पदरावरून. मग प्रत्येकानं आपली ओळख आणि निसर्गाशी असलेलं आपलं नातं सांगायचं होतं. अमरावतीच्या दातांच्या डॉक्टरांचं नातं बरंच लांबलं. पुण्याहून आलेल्या नवरा-बायकोंना जंगलात स्वतःचा शोध लागतो असं कळलं. विहीणबाईंची पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, "मी निंदते. मायी पात कोन्ती?" पात म्हणजे निंदताना एकेकीनं धरायचा पट्टा. मग त्यांनी पुण्याच्या मुलीकडे वळून विचारलं, "तू काहून एवढी वाळून गेली वो? खाऊ घालत नाई काय हा?" ही प्रेमाची चौकशी आहे हे मी समजावून सांगेपर्यंत तो नवरा माफी मागून मोकळा झाला होता.

त्यानंतर वनखात्याच्या साहेबांचं भाषण झालं. साहेब सज्जन होते, पण पृथ्वीच्या उत्पत्तीपासून निघाले. सेमाडोहपर्यंत येता येता त्यांनी दोन कामाची वाक्यं सांगितली: तरोटा म्हणजे टाकळा, रानतुळस आणि गाजरगवत मुळापासून काढायचं, आणि गवताला हात लावायचा नाही, कारण चितळ-सांबर-गवे गवतावर जगतात आणि वाघ त्यांच्यावर. ही दोन वाक्यं झाली तेव्हा विहीणबाई पहिल्या रांगेत प्रसन्न चेहऱ्यानं बसल्या होत्या.

कुरण पाहून मात्र आम्ही सगळेच कडेला थबकलो. पूर्वी तिथे एक गाव होतं. ते जंगलाबाहेर नेऊन वसवलं आणि त्याची वावरं मोकळी पडली. चहूबाजूंनी डोंगर, डोंगरांवर ढग टेकलेले, मधे ही ओली हिरवी परात आणि तिच्यात माणसाचा आवाज म्हणून नाही. दातांच्या डॉक्टरांनासुद्धा काही सुचेना. विहीणबाई खाली वाकल्या, चिमूटभर माती बोटांत चोळून पाहिली आणि म्हणाल्या, "जमीन चांगली हाये. पन काय रान माजवलं हे!" आणि पुढच्या पाच मिनिटांत त्यांनी तिसाही जणांना पाती वाटून दिल्या. कोणी त्यांना अधिकार दिला नव्हता. आमच्यातले एक सेवानिवृत्त प्राध्यापक दुसऱ्या पातीला उकिडवे बसले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मी प्रथमच विद्यार्थ्याचा भाव पाहिला. स्वतःसाठी विहीणबाईंनी मोहाच्या झाडाखालचा दोन गुंठ्यांचा तुकडा घेतला, कारण तिथे "गवत सगळ्याईत जास्त" होतं.

दोन तासांनी आम्ही बाकीचे वीतभर सरकलो होतो, आणि विहीणबाईंचा तुकडा संपला होता. तिथे गवताची एक काडी उरलेली नव्हती. काळी माती फणीनं विंचरल्यासारखी दिसत होती आणि तिच्यात हात-हात अंतरावर, विरळणी करून, सरळ ओळींत तरोटा उभा होता. तरोट्याची भाजी होते. जे खाता येतं ते पीक आणि बाकीचं तण, हे विहीणबाईंचं शास्त्र कधी चुकलं नव्हतं.

कुरणाची देखभाल एका वनरक्षक बाईंकडे होती. तिशीतली कोरकू मुलगी, अंगात खाकी, पायात चिखलाचे बूट, बोलणं मोजकं. त्या तुकड्याच्या कडेला येऊन ती उभी राहिली. मग खाली बसून उपटलेल्या ढिगातला एकेक ठोंब उचलून बघू लागली.

"आजी, हे आम्ही लावलं होतं," ती म्हणाली.

"काय लावलं होतं?"

"गवत. मारवेल आणि पवन्या. मागच्या दिवाळीत डोंगरावर फिरून मुठी-मुठीनं बी जमवलं. मग रोपं केली. जुलैत इथे लावली."

"गवत लावलं?" विहीणबाईंना खरोखर हसू आलं. "गवत कोनी लावते काय वो बाई?" आणि मग ते हसू अर्ध्यावर थांबलं, कारण त्या मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि वावर असलेल्या बाईला ते पाणी ओळखू येतं.

दुसऱ्याच्या वावरातलं उभं पीक उपटणं याहून काळं काम काळ्या मातीच्या मुलखात नाही. रागानंही कोणी ते करत नाही. केलं तर त्या घरात कोणी मुलगी देत नाही. विहीणबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. पुण्याच्या मुलीनं "अहो आजी, नकळत झालं ना" म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "हात माया होता नं पन." आम्ही सगळे भाकर खात होतो तेव्हा त्या ढिगातले जिवंत ठोंब निवडत होत्या. मुळं ओल्या लुगड्याच्या धांदोट्यात गुंडाळून दिवस कलेपर्यंत त्यांनी ते परत लावले, मिरचीचं रोप लावतात तसे, अंगठ्यानं माती दाबून. वनरक्षक मुलगी आधी नुसती उभी होती. मग तीही बसली.

"जगतील काय वो?"

"ऊन खाल्लंय आजी त्यांनी. थोडे जगतील."

"अन् लागलं हे कसं समजते?"

"गवा आपल्या पायानं आत येऊन चरला, की समजायचं लागलं. आपण सांगून उपयोग नाही."

"मंग तो चरेस्तोवर मी येत जाईन," विहीणबाई म्हणाल्या.

शिबिराच्या शेवटी प्रमाणपत्रं वाटली. साहेबांनी मोठ्या मनानं विहीणबाईंचं नाव सर्वांत आधी पुकारलं. त्या जागेवरूनच म्हणाल्या, "पीक निंगाल्यावर द्या, साहेब. आज काय म्हून घेऊ?" साहेबांच्या हातात तो कागद तसाच राहिला आणि फोटोग्राफरला काय करावं ते कळेना. आयुष्यात मी शेकडो सत्कार पाहिले. नाकारलेला हा एकच, आणि तेवढाच लक्षात आहे.

ठोंब बहुतेक मेले. पुढच्या पावसाळ्यात वनरक्षक मुलीनं नवी रोपं तयार ठेवली होती आणि विहीणबाई, एक गुडघा सुजलेला असताना, हजर होत्या. अडचण त्यांच्या हाताची होती. डोक्याला पटलं होतं की इथे गवत हे पीक आणि तरोटा हे तण, पण हाताला ते कोण सांगणार? जरा लक्ष हललं की बोटं गवताच्या गळ्याशी. "पन्नास वर्साचा हात हाये, एका दिसात थोडाच आयकते," त्या म्हणायच्या. म्हणून मला काम मिळालं. त्यांच्या शेजारी बसायचं आणि हात गवताकडे गेला की ओरडायचं. सबंध दिवस मी त्या भव्य शांततेत "गवत! गवत!" असा घसा ताणत असे, आणि त्या "आयकलं जी, भयरी नाई मी" म्हणत हात मागे घेत. स्वयंसेवा म्हणून लोक वाघ मोजतात, वणवे विझवतात. मी विहीणबाईंना गवत सांगितलं. पहिल्या दिवशी किती वेळा ओरडलो याची गणती नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी लक्षात आलं, की बराच वेळ मी गप्प बसून आहे.

लावणीचा वाद वेगळाच. विहीणबाईंनी दोरी धरल्यासारख्या ओळी घातल्या. मुलगी म्हणाली, "आजी, जंगलात ओळी नसतात."

"मंग डवरा कसा फिरवता?" डवरा म्हणजे ओळींमधून बैलानं ओढायचं कोळपं.

"डवरा नाहीच फिरवायचा."

"ओळीबिगर लावावं तरी कसं, पोरी? लोक काय म्हनतीन?"

"कोण लोक, आजी?"

विहीणबाईंनी आजूबाजूला पाहिलं. डोंगर, ढग आणि मी. सरळ लावणं सोडून देणं हे त्यांना गवत न उपटण्यापेक्षा जड गेलं. डोळे मिटून रोपं टाकून पाहिली, तरी ती ओळीतच पडली. शेवटी त्यांनी मला लावायला बसवलं. माझं एकही रोप दुसऱ्याच्या रेषेत आलं नाही. विहीणबाईंनी ते सगळं निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "इवाई, देवानं तुमाले यासाटीच ठेवलं असन."

घरी लोक हसायचे. म्हातारी स्वतःच्या वावरात बाया लावून निंदण करते आणि शंभर कोस जाऊन गवत पेरते, असं गावात म्हणत. (शंभर कोस नाही, पण गावाला हिशेबाची घाई नसते.) विहीणबाईंनी आपल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, चांगलं गवत राखून त्याचं बी पिशवीत भरून नेलं, तर वनरक्षक मुलीनं ते सरळ परत केलं. बाहेरचं बी कुरणात चालत नाही, इथल्याच डोंगराचं पाहिजे. मला वाटलं आता या रागावतील. त्या परतीच्या जीपमध्ये सगळ्यांना सांगत होत्या, "पाहा, बियाची पारख हाये पोरीले. असं पायजे मानूस." त्या सालच्या दिवाळीत त्यांनी मुलीबरोबर डोंगर चढून मारवेलचं बी मुठीनं जमवलं, आणि बोटं कुसळांनी भरली तेव्हा ती मला दाखवली, जणू अंगठ्याच घातल्या होत्या.

आणि मग तिसऱ्या वर्षीची मार्गशीर्षातली ती सकाळ. शिबिर नव्हतं, टोप्या नव्हत्या. वनरक्षक मुलीनं फोन केला होता, की आजी, कुरणात खुरांचे ठसे दिसताहेत, येऊन बघा. आम्ही दोघं चौकीच्या आडोशाला तिच्याजवळ उभे होतो. गवत कमरेएवढं वर आलं होतं, रंग पिकत्या गव्हाचा, आणि प्रत्येक काडीवर दव. उन्हाचा पहिला पट्टा डोंगरावरून उतरत होता. मी ग्रंथपाल, देव आहे की नाही या प्रश्नावर दोन्ही बाजूंची पुस्तकं मी लोकांना सारख्याच चेहऱ्यानं दिली आहेत. पण त्या सकाळी मी कानटोपी काढून हातात घेतली होती, हे मला नंतर कळलं.

झाडोऱ्यातून ते आले तेव्हा काहीच आवाज झाला नाही. एवढं मोठं जनावर एवढं निःशब्द चालू शकतं यावर पाहूनही विश्वास बसत नाही. आधी दोन माद्या, एक पिल्लू, मग आणखी चार, आणि सगळ्यांच्या मागे तो नर. काळा, ओल्या दगडासारखा चकाकणारा, खांदा आमच्या डोक्याच्या वर आणि चारही पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. तो मोहाच्या झाडाखाली आला. थांबला. नाकपुड्यांतून वाफ निघाली. त्यानं मान खाली घातली आणि विहीणबाईंच्या तुकड्यातल्या गवताला जीभ गुंडाळून ओढलं. कापड फाडावं तसा आवाज झाला. एवढ्या अंतरावरून तो ऐकू आला.

मी विहीणबाईंकडे पाहिलं. उभ्या पिकात ढोर शिरलं की ओरडायचं, दगड उचलायचा, धावायचं, हे त्यांचं रक्त. त्यांचं तोंड उघडलं होतं, छातीत श्वास भरला होता, "हाड्" ओठांपर्यंत आलं होतं. मुलीनं घाबरून त्यांचा दंड धरला. विहीणबाईंनी पदराचा बोळा करून तोंडात कोंबला. तसंच, तोंड दाबून, त्या गव्याला चरताना पाहत राहिल्या, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसायला हात मोकळा नव्हता, कारण दुसऱ्या हातानं त्यांनी त्या मुलीचा हात घट्ट पकडला होता. कळप तास-दीड तास चरला. गवे गेल्यावर त्यांनी पदर काढला आणि म्हणाल्या, "खाय रे माया बाप्पा." गवे तोवर डोंगरात दिसेनासे झाले होते. "त्याईले रोज भेटते काय एवढं? पोटाले पुरते काय?" मुलगी म्हणाली, "पुरतं, आजी. आता पुरतं."

त्यानंतर दोन पावसाळे गेले. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी विहीणबाईंना खाली बसायची कायमची मनाई केली. निंदणाऱ्या बाईला उभं राहायला सांगणं ही शिक्षा आहे, पण त्यांनी ती तक्रार न करता घेतली. मागच्या भाद्रपदात, नुसतं पाहायला म्हणून, त्या काठी टेकत आल्या. नवे स्वयंसेवक पाती धरून बसले होते. विहीणबाई कडेनं चालत मोहापर्यंत गेल्या, थांबल्या, चार पावलं मागे आल्या, परत पुढे गेल्या. मोहाभोवती चहूकडे सारखंच गवत होतं. मुलीच्या हाताखाली गेल्या दोन वर्षांत ते बियानं पसरत पार नाल्यापर्यंत पोचलं होतं.

"मायावाला तुकडा कोन्ता वो, पोरी?"

मुलीनं इकडेतिकडे पाहिलं आणि कबूल केलं, "आता नाही सांगता येत, आजी."

आमच्याकडे हातभर धुऱ्यासाठी सख्खे भाऊ कोर्टात म्हातारे होतात. विहीणबाईंच्या स्वतःच्या घरातही असा एक वाद सासऱ्यांपासून चालू आहे. त्यांना वाईट वाटलं असेल असं समजून मी मोहापासून पावलं मोजायला लागलो. त्यांनी काठी आडवी धरून मला थांबवलं.

"राहू द्या, इवाई. सापडला तं पुन्हा मायावाला होईन."

मग त्या काठीवर दोन्ही हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या. वारा नाल्याकडून येत होता आणि गवत एकदा इकडे, एकदा तिकडे झुकत होतं. जीपवाला दोनदा बोलवायला आला. दोन्ही वेळा त्याला मीच परत पाठवलं.